मस्कोकातली बर्फवाट आणि सोलापूरच्या मावशी

फेब्रुवारीचा तिसरा सोमवार म्हणजे कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात फॅमिली डे. ही सुट्टी २००८ पासून मिळायला लागली. तिला जोडून येणाऱ्या शनिवारी आमच्या टोरोंटोकडच्या मराठी मंडळाची मस्कोकातली, म्हणजे टोरोंटोच्या उत्तरेकडच्या तळ्यांच्या मुलखातली, बर्फातली भटकंती असते. गणपतीला आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, दिवाळी पहाटेची तिकिटं आठवडाभर आधी संपतात, आणि या भटकंतीला मात्र बस भरता भरत नाही. आदल्या रात्री "थंडी फार आहे हो" असे निरोप यायला लागतात. कार्यकारिणीत असल्यामुळे मला ते फार लागतं. इतकी वर्षं या देशात राहून इथला हिवाळा फक्त खिडकीतून बघायचा, हे मला पटत नाही.

बसमधली गणेशवंदना, अध्यक्षांचे दोन शब्द आणि सूचना बॅरी शहर येईपर्यंत आटोपतात. पुढे हायवे ११ च्या दोन्ही बाजूंना गुलाबी-करडा कातळ दिसायला लागला की सगळे काचेला नाक लावतात. उन्हाळ्यात हा मुलूख होड्यांचा आणि कॉटेजवाल्यांचा. मस्कोका, रोसो, जोसेफ ही तिन्ही मोठी तळी गजबजलेली असतात. फेब्रुवारीत बहुतेक कॉटेजेस बंद, धक्के बर्फाखाली, आणि जॉर्जियन बेवरून येणारा वारा बर्फ आणून ओततच असतो.

चालायचं हंट्सव्हिलच्या पुढे, ॲरोहेड प्रांतीय उद्यानात. स्टब्ज फॉल्सची वाट फार लांब नाही, त्यामुळे आजी-आजोबाही येतात. धबधबा कडेकडेने गोठलेला असतो आणि मधून काळं पाणी धावत असतं. ज्यांच्या पायांत अजून बळ आहे ते बिग बेंडच्या टोकापर्यंत जातात. तिथून खाली बिग ईस्ट नदीचं मोठं वळण दिसतं. स्कीसाठी आखलेल्या वाटांवर बुटांनी चालायचं नाही, हे मुलांना दर वर्षी बजावावं लागतं. पावलांचे खड्डे गोठले की स्की करणाऱ्यांचे हाल होतात. संध्याकाळी झाडीतून वळत जाणाऱ्या बर्फाच्या वाटेवर पोरं स्केटिंग करतात, तेव्हा त्यांना बसमध्ये परत आणणं हे एक वेगळंच काम होऊन बसतं.

पण मी ज्यासाठी जाते ते त्याआधी, वाटेत ग्रेव्हनहर्स्टला होतं. डॉक्टर नॉर्मन बेथ्यून यांचा जन्म १८९० साली याच गावात झाला. ऑपेरा हाउससमोर त्यांचा पुतळा आहे. तिथे आम्ही अर्धगोल करून उभे राहतो आणि मंडळातल्या सोलापूरच्या मावशी बोलतात. हातात कागद नसतो. आधी बेथ्यून: स्पेनच्या युद्धात रक्त घेऊन थेट आघाडीपर्यंत जाणारा, १९३८ मध्ये चीनला गेलेला, शस्त्रक्रिया करताना बोट कापलं आणि त्याचंच विष अंगात भिनून १९३९ च्या नोव्हेंबरात गेलेला माणूस. मग मावशींचा आवाज बदलतो. "आता आमच्या गावचं पोरगं," असं म्हणून त्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांवर येतात. १९१० साली सोलापुरात जन्मलेले कोटणीस १९३८ मध्येच भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला निघाले. दोघांची भेट झाली नाही. तरी बेथ्यूनच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख पुढे कोटणीसच झाले. वडील गेल्याची बातमी त्यांना तिकडेच कळली आणि ते परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते तिकडेच गेले. मुलगा अवघा काही महिन्यांचा होता.

वडिलांच्या बातमीपाशी मावशी दर वर्षी थांबतात. आमच्यातल्या किती जणांनी ती बातमी अशीच, रात्री-अपरात्री, फोनवर ऐकली आहे. मफलर नाकापर्यंत ओढलेले असतात, त्यामुळे कोण रडतंय ते दिसत नाही. ग्रेव्हनहर्स्टच्या मुख्य रस्त्यावर उभं राहून सोलापूरचं नाव मराठीत ऐकताना माझा ऊर भरून येतो. पोटतिडकीने सांगते, जे येत नाहीत ते नेमकं हेच गमावतात.

आता आभार, आणि कुणी राहू नये अशी मनापासून इच्छा आहे. मावशींनी दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी, कारण त्या थंडीत मऊ पोळ्यांचा दगड होतो. पहाटे उठून चहाचे थर्मास भरणाऱ्या स्कारबरोच्या दोघी जावा. उरलेले तिळाचे लाडू राखून ठेवणाऱ्या खजिनदारवहिनी. बुटांना लावायचे काटे घरोघरी फिरून गोळा करणारे काका. सगळ्यांच्या मागून चालून कुणी वाटेत राहिलं नाही ना हे बघणारी कॉलेजातली मुलं, ज्यांना मराठी बोलताना अडखळायला होतं आणि तरी ती येतात. प्रथमोपचाराची पिशवी सांभाळणाऱ्या नर्सताई. घसरड्या रस्त्यावर एकदाही घाई न करणारे पंजाबी बसचालक, जे आता पुतळ्यापाशी आमच्यात येऊन उभे राहतात. फोटो काढणारे दादा, म्हणून कुठल्याच फोटोत नसलेले. आणि हो, परतल्यावर बस झाडून देणाऱ्या त्या दोन बहिणी, त्यांची नावं अहवालात कधीच येत नाहीत, ती यंदा मी स्वतः घालणार आहे.