तुम्ही विचारलंत म्हणून: व्यायामानंतर अर्ध्या तासात प्रोटीन शेक प्यायलाच हवा का?

लांब पल्ल्याचं धावणारे आणि सायकल चालवणारे हा प्रश्न हमखास विचारतात. त्यांना आधी एक उलट प्रश्न विचारावा लागतो: पुढचा व्यायाम कधी आहे?

आठ तासांच्या आत पुन्हा उतरायचं असेल, म्हणजे सकाळी धावणं आणि संध्याकाळी सायकल, तर घाई करा. व्यायाम संपतो तेव्हा ग्लुकोज आत ओढणारे ग्लुट-४ वाहक स्नायूपेशींच्या पृष्ठभागावर आलेले असतात आणि ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतला साखरेचा साठा, बनवणारं एन्झाइमही जोरात असतं. याच वेळी दोन तास उपाशी राहिलात, तर साठा भरण्याचा वेग पुढचे काही तास जवळजवळ निम्म्यावर येतो. अशा दिवशी पहिले चार तास दर तासाला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत. ६० किलोच्या माणसाला तासाला ६० ते ७० ग्रॅम. दोन मध्यम केळी आणि अर्धा लिटर दूध घेतलं की साधारण ७५ ग्रॅम कर्बोदकं आणि १६ ग्रॅम प्रथिनं मिळतात; म्हणजे पहिल्या तासाचं काम झालं.

पुढचा व्यायाम उद्या असेल तर मात्र घड्याळाकडे बघू नका. दिवसभराची कर्बोदकं पुरेशी असली की २४ तासांत साठा भरतो, पहिला घास वीस मिनिटांनी घेतला काय किंवा दीड तासाने. पाऊण तास रमतगमत धावलात, तर नेहमीचं जेवण पुरे.

खरी गफलत होते ती पाण्यात ढवळलेल्या व्हे प्रोटीनमुळे, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रथिनांच्या भुकटीमुळे. एका स्कूपमध्ये प्रथिनं २० ते २५ ग्रॅम, कर्बोदकं नावापुरती. स्नायूंच्या दुरुस्तीचा माल आला, पण टाकी रिकामीच. त्यावर ‘शेक झालाय’ म्हणून जेवणातला भात किंवा बटाटाही कमी केला, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय जड होतात, नेहमीच्या वेगालाही धाप लागते, आणि दोष ट्रेनिंगला दिला जातो.

प्रथिनं हवीतच, पण एकदम नकोत. एका वेळी किलोमागे ०.२५ ते ०.३ ग्रॅम, दर तीन-चार तासांनी. दिवसभरात मिळून किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम. एका बैठकीत ६० ग्रॅम संपवल्याने दुरुस्ती तिप्पट होत नाही. कर्बोदकं कमी पडत असतील तेव्हा सोबतची प्रथिनं ग्लायकोजेन भरायलाही थोडा हातभार लावतात. कर्बोदकं पुरेशी असताना तो फायदा फारसा दिसत नाही.

पाण्याचं गणित वजनकाट्यावर करा. व्यायामाआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन घ्या. घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर द्रव, तोही काही तासांत विभागून. खारट काही न खाता नुसतं पाणी ढोसलं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. वजन घटण्याऐवजी वाढलेलं दिसलं, तर वाटेत गरजेपेक्षा जास्त प्यायलात. रक्तातलं सोडियम घसरण्याचा धोका इथेच असतो.

दारूने दुरुस्ती मंदावते, हे बहुतेकांना पटतं. क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांबद्दल सांगितलं की भुवया उंचावतात. पण क आणि ई यांचे मोठे डोस रोज घेतले, तर व्यायामाने स्नायूंना मिळणारा बदलाचा इशाराच बोथट होऊ शकतो. फळांतून मिळतं तेवढ्याने काही बिघडत नाही.