फरक स्पष्ट करा

दहावी, मार्च १९८८ ची बॅच, तुकडी ब. नाशिकच्या आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा मी पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये उभा होतो. समोर द्राक्षांच्या पेट्यांवर लेबलं लागत होती आणि त्यातल्या एका लेबलावर एक इंग्रजी अक्षर चुकलेलं होतं. ते मला लांबून दिसलं, म्हटल्यावर कुणावर लिहायचं हा प्रश्नच उरला नाही.

आमच्या इंग्रजीच्या बाई. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही, आणि न छापताही माझ्या आगेमागे पाच वर्षांतल्या सगळ्यांना कळेल. आम्ही त्यांना पाठीमागे ‘फरकबाई’ म्हणायचो. ‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न इतर शाळांत विज्ञानाच्या पेपरात यायचा, धातू आणि अधातू वगैरे. आमच्याकडे तो इंग्रजीच्या तासाला रोज यायचा.

तेव्हा मराठी माध्यमात इंग्रजी पाचवीपासून. म्हणजे एबीसीडी संपेपर्यंत काहींना मिसरूड फुटायला लागायची. बाईंचा हिशेब सरळ होता. पोरांना मराठी येतं, तर फरक आधी मराठीत सापडवायचा. मागच्या बाकावर आमचं काही चाललेलं असलं की त्या फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणायच्या, “तुला हिअर होतंय रे, पण तू लिसन करत नाहीयेस.” ऐकू येणं वेगळं, ऐकणं वेगळं. दिसणं आणि पाहणं तसंच, सी आणि लुक. ‘मला ऐकू येतं’ म्हणताना आपण ‘मला’ लावतो आणि ‘मी ऐकतो’ म्हणताना ‘मी’, कारण पहिल्यात आपण काही करतच नाही, हे मला इंग्रजीच्या तासाला कळलं. मराठीच्या तासाला कळायला हवं होतं, असो.

लेंड आणि बॉरो शिकवताना त्यांनी माझी कंपासपेटी उचलली आणि शेजारच्या पोरासमोर ठेवली. “वस्तू कुणाकडून निघाली? तो लेंड. कुणाकडे गेली? तो बॉरो.” मग म्हणाल्या, आपण मराठीत ‘उसनं’ हा एकच शब्द ठेवतो आणि देणं-घेणं लावून दिशा दाखवतो, त्यांनी दिशाच शब्दात घालून टाकलीय. कंपासपेटी तास संपेपर्यंत त्याच्याकडेच राहिली आणि कर्कटक परत आलं नाही.

मी एकदा वहीत ‘बाई लर्न्स अस इंग्लिश’ असं लिहिलं होतं. त्यांनी लाल पेनाने खाली मराठीत लिहिलं, “मी शिकते की शिकवते? एक ‘व’ खाल्लास.” ती वही बरीच वर्षं माळ्यावर होती.

एक तास मात्र हसण्यासारखा नव्हता. हँगची भूतकाळी रूपं दोन, हंग आणि हँग्ड. एका पोराने फळ्यावर जाऊन वाक्य लिहिलं, अनंत कान्हेरे यांच्याविषयी, आणि हंग वापरलं. बाईंनी खडू खाली ठेवला. विजयानंद थिएटर इथून पायी किती मिनिटं, असं विचारलं. २१ डिसेंबर १९०९ ला तिथे कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. त्या वेळी ते अठरा वर्षांचे होते. “सदरा खुंटीला हंग. माणसाला फाशी दिलं तर हँग्ड. आपण ‘टांगला’ म्हणू का त्यांना?” कुणी बोललं नाही. माझ्या आयुष्यात ही दोन रूपं पुन्हा कधी गोंधळली नाहीत.

दुसऱ्या बाजूला टँकरचा किस्सा. मी नाशकातल्याच द्वारका भागात राहायचो. आग्रा रोडवरून पेट्रोलचे टँकर जायचे, मागे लाल अक्षरांत ‘हायली इनफ्लेमेबल’. माझं तर्कशास्त्र असं, की व्हिजिबल म्हणजे दिसणारं आणि इनव्हिजिबल म्हणजे न दिसणारं, तर इनफ्लेमेबल म्हणजे अजिबात न पेटणारं. वर्गात छातीठोकपणे सांगितलं. बाई इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. हा ‘इन’ नकाराचा नाही, लॅटिनमधल्या पेटवण्याच्या क्रियापदातूनच तो शब्दाबरोबर आलेला आहे. फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल दोन्हींचा अर्थ एकच, पेट घेणारं. नाही पेटणारं हवं असेल तर नॉनफ्लेमेबल. मला पटेना. तेव्हा त्यांनी विचारलं, घोर पाप आणि अघोरी कृत्य, यात सौम्य कुठलं? ‘अ’ लावल्यावर घोरपणा गेला का? मी बसलो. माझ्यासारखाच गैरसमज होऊन कुणी टँकरजवळ विडी पेटवेल या भीतीने हल्ली बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहितात, हे कळलं तेव्हा मला अगदी सोबत मिळाल्यासारखं वाटलं.

स्टेशनरीच्या दोन स्पेलिंगांवर मी इथे लिहिणार होतो, पण देवनागरीत दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, त्यामुळे सगळी गंमतच जाते. एवढंच सांगतो, की स्थिर उभा आहे तो ए-वाला आणि वह्या-पेनांचा तो ई-वाला. दोन्हींचं मूळ एकच. फेरीवाला गावोगाव हिंडतो, आणि जो एका जागी दुकान मांडून बसतो तो स्टेशनर. मेनरोडला पावसात छत्री धरून वह्या घेताना हे ठाऊक असतं तर बरं झालं असतं.

आता माझी स्वतःची चूक. काही वर्षांपूर्वी आमचा एक कंटेनर रॉटरडॅमला पोचला आणि तिकडून फोटो आले. काही पेट्यांत मणीगळ होती, देठ वाळले होते. वाटेत तापमान कुठेतरी वर गेलं असणार. मला कळवायचं होतं की हो, थोडं नुकसान झालंय हे दिसतंय, बोलू. घाईत मेल टाकला आणि डॅमेजच्या पुढे एक ‘एस’ लागला. डॅमेज म्हणजे नुकसान. डॅमेजेस म्हणजे नुकसान अनेक ठिकाणी झालं असं नव्हे, कायद्याच्या भाषेत ती नुकसानभरपाईची रक्कम. मी कबुली दिली ती भरपाईची. समोरच्याने माझंच वाक्य कापून आपल्या मागणीच्या वर चिकटवलं. महिनाभर फोनाफोनी करून निम्म्यावर मिटवलं. भागीदार अजून मला ‘एस’ म्हणून हाक मारतो.

हे सांगायला मी मागच्या दिवाळीत बाईंकडे गेलो, गंगापूर रोडला. ऐंशीच्या पुढे आहेत, कानाला यंत्र. मी सगळा किस्सा सांगितला, त्या माझ्या ओठांकडे टक लावून होत्या. कळलं ना, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “हिअर फारसं होत नाही आता. लिसन करतेय मी.”

सूनबाईंनी चहा आणला. बाईंनी पुन्हा विचारलं, “किती पेट्या होत्या म्हणालास?”