काल्यानंतरची तिसरी रात्र

सप्ताहाचा काला झाला, महाराजांच्या हातून गळ्यात माळ पडली आणि माणसानं त्याच दिवसापासून दारू सोडली. आमच्या भागात दारू सुटायची ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मानाची वाट आहे. माझ्या माहेरी अशी सुटलेली माणसं आहेत, त्यांचे संसार उभे राहिलेले मी पाहिलेत. त्यामुळे माळेबद्दल मी वाकडा शब्द बोलणार नाही. पण मी नांदेड जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेलगतच्या एका सरकारी दवाखान्यात पुरुष वॉर्डाची सिस्टर आहे. काल्यानंतर तिसऱ्या रात्री आमच्या दारात कोण येतं ते मी बघते. ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा चांगलं ठरवलं, तोच माणूस त्या ठरवण्यापायी जिवाला मुकावा, हे मला सोसवत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

असाच एकजण आठवतो, ऊसतोडीला जाणारा. कपाळभर अंगारा, मनगटाला काळा दोरा. म्हणजे आधी देवऋषाकडे नेऊन आणलेलं होतं. बायको सांगत होती, "सिस्टर, मालक दोन दिसापासून झोपले न्हाईत. हातपाय लटलट कापायलेत. रात्रीपासून तर कोणीतरी अंगावर सोडल्यावानी करायलेत."

तो खाटेवर उकिडवा बसला होता. अंग घामानं निथळत होतं, ताप होता, नाडी एकशेतीसच्या पुढं. आणि हात थांबत नव्हते. चादरीचं टोक ओढायचा, गोळा करायचा, गुडघ्याखाली दाबायचा, पीळ द्यायचा, गाठ मारून बाजूला सरकवायचा. परत दुसरं टोक. मला वाटलं चादर फाडतोय. त्याच्या बायकोला मात्र लगेच कळलं. "मोळ्या बांधायलेत," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. तो मधेच मान वर करून मुकादमाला हाक मारायचा, ट्रॅक्टर आला म्हणायचा, आणि दंडावरच्या मुंग्या झटकायचा. तिथं एकही मुंगी नव्हती.

हे भूत नाही, करणी नाही, आणि माळेचा कोपही नाही. याला डॉक्टरी भाषेत डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, वॉर्डात आम्ही नुसतं डीटी म्हणतो. या अवस्थेत माणसाचे हात जन्मभर केलेलं काम करू लागतात, असं वैद्यकाच्या पुस्तकांतही नोंदवलेलं आहे. शेतकरी बैल हाकतो, ड्रायव्हर हवेत स्टेअरिंग फिरवतो. साप, उंदीर, किडे दिसणं तर नेहमीचंच.

आता हे होतं कशानं, ते सांगते. आपल्या मेंदूत गाबा नावाचं एक रसायन आहे, ते मेंदूला शांत ठेवतं. दुसरं ग्लुटामेट, ते मेंदूला जागं आणि चाळवलेलं ठेवतं. दोघांची सतत रस्सीखेच चालू असते आणि दोर मधोमध राहतो, म्हणून आपण शुद्धीवर असतो. दारू पोटात गेली की ती गाबाच्या बाजूनं दोर ओढते आणि ग्लुटामेटचे हात ढिले करते. म्हणून पहिल्या घोटांत बरं वाटतं, जीभ सैल सुटते, पुढं तोल जातो, झोप लागते. पण मेंदूला दोर मधेच हवा असतो. माणूस रोज प्यायला लागला, वर्षानुवर्षं प्यायला, की मेंदू स्वतःहून गाबाची दाद देणं कमी करतो आणि ग्लुटामेटच्या बाजूला माणसं वाढवतो. म्हणूनच सुरुवातीला नाईन्टीत झिंगणारा माणूस पुढं दोन क्वार्टर पिऊनही सरळ चालत घरी येतो. लोक म्हणतात, "लई पचवतो." तो काही पचवत नसतो, त्याचा मेंदू दारू धरूनच चालायला शिकलेला असतो. अशा माणसानं दारू एका दिवसात बंद केली की एका बाजूचे हात एकदम सुटतात. दुसरी बाजू तर सगळ्या ताकदीनं ओढतच असते.

मग सहा तासांनी, फार तर दिवसाभरात, हात थरथरतात, घाम फुटतो, ओकाऱ्या येतात, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत मिरगीसारखे झटके येऊ शकतात. आणि अठ्ठेचाळीस तास उलटल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीपासून, डीटी. हे सगळ्यांनाच होत नाही. बहुतेकांचं थरथरण्यावरच भागतं. पण ज्याला होतं त्याच्यावर उपचार झाले नाहीत, तर जीव जाण्याचा धोका फार मोठा असतो. वेळेत दवाखान्यात आणलं तर शंभरातले पंचाण्णवहून जास्त वाचतात. एवढा फरक नुसत्या आणण्यानं पडतो.

दारूचं मापही सांगून टाकते, कारण नातेवाईक नेहमी "थोडीच घेतात" म्हणतात. देशीच्या बाटलीवर 42.8 टक्के छापलेलं असतं. म्हणजे 180 मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम निव्वळ अल्कोहोल. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच निकालात काढतं. लिंबू पिळा, ताक पाजा, डोक्यावर घागर ओता, यकृत आपल्या चालीनंच चालतं. म्हणजे एक क्वार्टर उतरायला सहा ते साडेआठ तास. रात्री दोन घेणाऱ्याच्या रक्तात सकाळी दारू असतेच, आणि ती उतरायला लागली की हात कापायला लागतात. मग चहाच्या आधी घोटभर घेतली की हात थांबतात. ही सकाळची घोटभर ज्याला लागते, त्यानं दारू घरी आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही. ज्याला पूर्वी सोडताना झटके आले होते किंवा असं भास-भुलीचं झालं होतं, त्यानं तर मुळीच नाही. दर खेपेला सोडणं-धरणं झालं की पुढची खेप आणखी जड जाते, कारण मेंदू प्रत्येक वेळी जास्त चाळवतो.

आमच्या सीमेवर आणखी एक भानगड आहे, ती बाहेरच्या डॉक्टरांच्या सहसा ध्यानात येत नाही. शिंदी. शिंदीच्या झाडावरून पहाटे उतरवलेली ताजी नीरा गोड असते, तिच्यात नशा नसते. दिवस चढेल तशी ती आंबते आणि तिच्यात बिअरइतपत अल्कोहोल तयार होतं. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण झाडं कमी, पिणारे जास्त. म्हणून कित्येक ठिकाणी पाण्यात पावडर कालवून शिंदी "बनवतात". ती पावडर म्हणजे क्लोरल हायड्रेट, अल्प्राझोलाम, डायझेपाम, सगळी झोपेची आणि गुंगीची औषधं. तीही गाबाच्याच बाजूनं दोर ओढतात. सरहद्दीपलीकडे 2015 मध्ये तेलंगण सरकारनं भेसळीच्या शिंदीवर कारवाई केली, तेव्हा निजामाबाद, महबूबनगरकडच्या दवाखान्यांत झटके आलेल्या, भ्रम झालेल्या माणसांची रीघ लागली होती. फक्त शिंदी मिळायची थांबली होती.

आणि शिंदी बायाही पितात. अंगमेहनतीनं ठणकणाऱ्या अंगाला आराम म्हणून, झोप लागावी म्हणून. एक आजी पाय घसरून पडल्या, मांडीचं हाड मोडलं म्हणून बायकांच्या वॉर्डात दाखल झाल्या. दोन दिवस शहाण्यासारख्या होत्या, तिसऱ्या दिवशी छताकडे बोट दाखवून कुणाशी तरी भांडू लागल्या, सलाईनची सुई उपटली. घरचे म्हणाले, मुका मार डोक्यालाही लागला असणार. मी सुनेला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, आजी काही घेतात का?" ती आधी "न्हाई, न्हाई" म्हणाली. मग खाली बघून हळूच म्हणाली, "दारू न्हाई घेत. शिंदी तेवढी घेतात, सांजच्याला." डॉक्टरांना सांगितलं, औषध सुरू झालं, तीन दिवसांत आजी नातवाला नावानं हाक मारू लागल्या. म्हाताऱ्या बाईला हा प्रश्न विचारायला लाज वाटते, ते मला कळतं. तरी विचारा.

दवाखान्यात करतात तरी काय? गाबाच्या बाजूला दारूऐवजी औषध उभं करतात. लिब्रियम किंवा लोराझेपाम. यकृत फार बिघडलेलं असेल तर बहुतेक लोराझेपाम. सुरुवातीला डोस जास्त असतो, मग रोज थोडा थोडा उतरवत पाच-सात दिवसांत बंद करतात. म्हणजे दोर कुणी एकदम सोडत नाही, हळूहळू मधोमध आणतात. या गोळ्या दुकानातून आणून घरी चालवू नका, त्यांचीही सवय लागते, आणि वरून दारू घेतली तर श्वास बंद पडू शकतो.

दुसरं औषध म्हणजे बी-वन, थायमिन. दारुडा माणूस जेवत नाही, आणि जेवला तरी दारूमुळे आतड्यातून थायमिन नीट शोषलं जात नाही. शरीरात त्याचा साठा असतो दोन-तीन आठवड्यांपुरता. तो संपला की नजर फडफडते, चाल फेंगडी होते, माणूस भांबावतो. कार्ल वर्निके नावाच्या डॉक्टरनं हे 1881 मध्ये लिहून ठेवलं. वेळेवर इंजेक्शन दिलं तर बरंच परत येतं. नाही दिलं तर पुढं स्मरण कायमचं जातं. सकाळी भेटलेली बहीण दुपारी आठवत नाही आणि माणूस त्या मोकळ्या जागेत मनाचंच काहीतरी भरून सांगतो. लोक म्हणतात खोटं बोलतो. तो खोटं बोलत नसतो, त्याच्याजवळ खरं उरलेलंच नसतं. म्हणूनच "अशक्त झालेत, एक ग्लुकोजची बाटली लावा" हा हट्ट गावातल्या दवाखान्यात धरू नका. ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं. उपाशी पिणाऱ्याला थायमिनशिवाय नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही संपून जातं. आधी थायमिन, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आणि बांधू नका. माणसाला खोलीत कोंडतात, दाव्यानं खाटेला बांधतात, मार देतात. आधीच तापलेलं शरीर दोरीशी झुंजून आणखी तापतं. वॉर्डात आम्ही दिवा चालू ठेवतो, कारण अंधारात प्रत्येक सावलीचा साप होतो. ओळखीचं एकच माणूस उशाशी बसवतो. दर थोड्या वेळानं सांगतो, "मामा, तुम्ही दवाखान्यात आहात, आज गुरुवार आहे, ही तुमची मुलगी आहे." त्या मोळ्या बांधणाऱ्याच्या बायकोला मी तेच करायला सांगितलं. ती मात्र आपल्या परीनं बोलली. म्हणाली, "मालक, मोळ्या झाल्या समद्या. गाडी गेली भरून. आता निजा." पुस्तकाप्रमाणे हे चूक आहे, रुग्णाच्या भासाला होकार देऊ नये म्हणतात. पण त्याचे हात थांबले. मी काही बोलले नाही. औषधानं पहाटे झोप लागली आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तो चहा मागू लागला.

भिंतींवर "रुग्णाला न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती असतात, त्याबद्दल मला फार राग आहे. दारू शरीरात गेली की आधी तिचं अॅसिटाल्डिहाइड नावाचं विष होतं, मग यकृत ते निरुपद्रवी करतं. डायसल्फिराम हे औषध ती दुसरी पायरी अडवतं. विष साठतं, तोंड लाल होतं, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ज्याला सगळं समजावलंय आणि ज्यानं स्वतः होकार दिलाय, त्याला या भीतीचा उपयोग होतो. पण न सांगता भाजीत कालवलं आणि हृदय कमजोर असलेला माणूस संध्याकाळी क्वार्टर पिऊन आला, तर जेवणाच्या ताटावरच मरू शकतो. पुडीत काय आहे हे विकणारा सांगत नसेल, तर ती पुडी घरात आणू नका.

डीटी निभावली म्हणजे दारू सुटली असं नाही, हेही घरच्यांनी समजून घ्यावं. पिण्यानं मेंदूत डोपामिन नावाचं ओढ लावणारं रसायन उसळतं, आणि मेंदू त्या उसळीची जागा, वेळ, संगत, वास सगळं लक्षात ठेवतो. आठवडी बाजार, उचल मिळाल्याचा दिवस, शिंदखान्यासमोरचा रस्ता. दारू बंद झाल्यावरही कित्येक महिने साध्या गोष्टींत रस वाटत नाही, ना जेवणात, ना लेकरांत. त्या दिवसांत "आता तर सोडलीय, मग तोंड का पाडून बसलाव?" असं विचारू नका. ते मेंदूचं दुखणं भरून येत असतं, आणि त्याला वेळ लागतो. माळ, पारायण, भजनाची संगत यांचा खरा उपयोग इथं आहे. संध्याकाळची तीच वेळ दुसऱ्या माणसांत जाते. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हे काम करतंय. टेली मानसचा 14416 आणि नशामुक्तीचा 14446 हे नंबर फुकट आहेत.

माझ्या गावच्या सप्ताहात मी महाराजांना भेटून हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि काल्याच्या कीर्तनात सांगितलं, की ज्यांना रोज सकाळी लागते त्यांनी आधी दवाखान्यात भरती व्हावं, माळ मी तिथं येऊन घालीन. तुमच्या गावच्या महाराजांना, सरपंचांना, आशाताईंना हे सांगता आलं तर जरूर सांगा. आणि माणसाला घेऊन याल तेव्हा दारातच सिस्टरला एवढं सांगा: शेवटची कधी घेतली, रोज किती घ्यायचे, देशी की हातभट्टी की शिंदी, पूर्वी झटके आले होते का, आणि घरून काही गोळी-पुडी दिलीय का. काहीही लपवू नका. वॉर्डात कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही. रात्र असली, गाडी नसली, तर 108 ला फोन करा आणि दिवस उजाडायची वाट बघू नका.