सिकलसेलच्या रांगेत बर्मिंगहॅमची मुलगी

नाताळ आटोपला की आमच्या नवापूरच्या पट्ट्यात परदेशी पाहुणे येऊ लागतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन मिशनरी पश्चिम खानदेशात आले, तेव्हापासून इथल्या मंडळ्यांचं बाहेरच्या चर्चशी येणंजाणं आहे. मी एका मिशन दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. त्या जानेवारीत इंग्लंडमधल्या एका चर्चच्या तरुणांचा गट सुरतहून ताप्ती लाइनच्या गाडीने आला.

पहिल्याच संध्याकाळी आमच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना बसवून सांगितलं: पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही, कॅम्पमध्ये पत्रकं वाटायची नाहीत, पेशंटचे फोटो काढायचे नाहीत, कुणी आपणहून म्हटल्याशिवाय प्रार्थना करायची नाही. मला हे मनापासून पटतं. दुखणं घेऊन आलेला माणूस आधीच अडलेला असतो. त्याच्याकडून होकार मिळवणं सोपं असतं, म्हणूनच तो मागू नये.

दुसऱ्या दिवशी डोंगराकडच्या एका गावात सिकलसेलची तपासणी होती. सिकलसेल म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा, आईबापांकडून येणारा आजार. केंद्राचं निर्मूलन अभियान २०२३ मध्ये सुरू झालं, मुदत २०४७ पर्यंतची. पाहुण्यांकडे अंगणवाडीची भिंत रंगवायचं काम होतं. मी जिल्हा परिषद शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं.

तपासणी साधी असते. बोटाला टोचून रक्ताचा थेंब रिएजंटच्या नळीत टाकायचा, थोडा वेळ थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा आरपार दिसल्या तर ठीक. नळी गढूळ होऊन रेघा बुजल्या तर रक्तात सिकल आहे. नुसता वाहक की रुग्ण, हे मात्र दवाखान्यात इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहणारी चाचणी, केल्यावरच कळतं.

रांगेत सात वर्षांचा एक मुलगा होता. डोळे पिवळसर, पोट पुढे आलेलं. थंडी पडली की हातपाय धरून रात्र रात्र रडतो, असं आई सांगत होती. बाप दिवाळीनंतर बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेला. मुलाच्या नळीमागच्या रेघा पार बुजल्या. आजी मागेच उभी होती. साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्या घरात कुणाला नव्हतं. हिनंच आणलं माहेराहून."

हे वाक्य मी गावोगाव ऐकते आणि दर वेळी माझा जीव तुटतो. या एका समजुतीपायी किती सुना माहेरी धाडल्या गेल्या आहेत. कागदावर चित्र काढून मी समजावते, पण मी पडले दवाखान्यातली पगारी बाई. आमचं ते कामच, असं लोक धरून चालतात.

त्याच वेळी पाहुण्यांमधली एक मुलगी पाणी घ्यायला ओट्यावर आली. बर्मिंगहॅमची, आईवडील मूळ नायजेरियाचे. तिच्या बारीक वेण्यांना हात लावायला गावातली पोरं सकाळपासून तिच्या मागे होती. नळीकडे पाहून ती थबकली आणि हळूच म्हणाली, "सिकल ना? माझ्या भावाला आहे."

मी आजीला आणि आईला विचारलं, मग तिघींना घेऊन वर्गात गेले आणि दार लावलं. असली गोष्ट रांगेसमोर बोलायची नसते. मुलीने मोबाइलमधला भावाचा फोटो दाखवला: दवाखान्याची खाट, हाताला सलाईन, तसेच पिवळे डोळे. आजीने फोटो जवळ घेऊन बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "तुझ्या आईनं आणलं का हे?"

"दोघांनी. एक भाग आईकडून, एक बाबांकडून. नुसता आईकडून आला असता तर भाऊ माझ्यासारखा असता. माझ्यात एकच भाग आहे, मी धडधाकट आहे."

इंग्लंडमध्ये प्रत्येक बाळाची टाच टोचून ही तपासणी होते, म्हणून तिला स्वतःबद्दल लहानपणापासून माहीत. आमच्या या पोराला सात हिवाळे रडून काढावे लागले.

"एवढ्या लांब हे कसं गेलं?" आजीने मला विचारलं. मी सांगितलं, इथून गेलं नाही, तिकडेही होतंच. जिथे हिवताप माणसं मारत होता तिथे हा एक भाग असणारी लेकरं जास्त जगली. आपल्या जंगलात तसं, आफ्रिकेतही तसं. हिवताप आजीने पाहिलेला होता. ती काही बोलली नाही. बाहेर येऊन खुर्चीवर बसली आणि बोट पुढे केलं. तिचीही नळी गढूळ झाली.

आईचे प्रश्न मात्र संपेनात. भाऊ शाळेत जातो का? खेळतो का? दुखायला लागलं की तुमची आई आधी काय करते? ती मुलगी सांगत गेली: पाण्याची बाटली कायम दप्तरात, थंडीत पायमोजे, अंगाला शेक, ताप आला की घरी थांबायचं नाही, थेट दवाखाना. शेवटी आईनेच म्हटलं, "तुम्ही प्रार्थना करता ना? मग याच्यासाठी करा." आम्ही उभ्यानेच केली, चार वाक्यांची. खाली आमचा ड्रायव्हर हाका मारत होता, "चाला ताई, टाईम व्हई राह्यना!"

मुलगा एसएस निघाला, म्हणजे दोन्ही भाग असलेला रुग्ण; आई आणि आजी एएस, म्हणजे एकच भाग असलेल्या वाहक. होळीला बाप गावी आला, त्याचाही नमुना घेतला, तोही एएस. मुलाला फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया सुरू आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल असल्याने प्रमाणपत्राचे कागदही केलेत.

परतीच्या जीपमध्ये त्या मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली. नायजेरियात बरीच चर्च लग्न लावण्याआधी दोघांचा जेनोटाइप रिपोर्ट, म्हणजे कोण एएस, कोण एसएस हे सांगणारा कागद, मागतात. ते माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्याकडे हे लग्न ठरल्यावर करून उपयोग नाही. साखरपुडा मोडला तर नाव मुलीचंच खराब होतं. रिपोर्ट कॉलेजच्या वयातच हातात हवा, तोही ज्याचा त्याच्याच. पाळकसाहेबांशी बोलले. उन्हाळ्यातल्या युवा शिबिरात त्यांनी मला एक अख्खी सकाळ दिली आहे.