थाळ्यांवरचा निळा फवारा : थुंकणारी गन आणि तिची तपासणी

मातीच्या १४ इंची थाळ्यांचं काम पुढे सरकलं. पांढऱ्या सॅटिन मॅट ग्लेझवर (भट्टीत वितळून काचेसारखा होणारा, मंद चमकीचा लेप) काठाकडून मध्याकडे विरत जाणारा कोबाल्ट निळा हवा आहे. एवढा थाळा बुडवायला टबभर ग्लेझ लागतं आणि असा विरणारा रंग ब्रशने साधत नाही, म्हणून स्प्रे गनने फवारा. पण मागच्या भट्टीतून आलेल्या थाळ्यांवर निळ्यात मोहरीएवढे गडद ठिपके होते. कोबाल्ट जिथे जाड पडतो तिथे लपत नाही. गन मध्येच थुंकत होती.

गन थुंकायला लागली की आपल्यातले बहुतेक जण आधी ग्लेझमध्ये पाणी ओततात. मला हा उपाय पटत नाही. पातळ केल्यावर थुंकणं थोडं कमी होतं, पण खरा दोष तसाच राहतो. वर बिस्कमध्ये (एकदा भाजलेल्या, ग्लेझ न लावलेल्या थाळ्यात) पाणी जास्त मुरतं आणि उभ्या भागावर ओघळ येतात. आमच्या गल्लीत गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. तिथल्या पेंटर काकांना गन दाखवली तेव्हा ते म्हणाले, "ताई, रंग बाजूला ठेवा. आधी नुसतं पाणी मारून बघा." गाडीचा रंग आणि आपलं ग्लेझ यांत फरक बराच आहे, पण गन तीच आणि तिचे आजारही तेच.

कप पाण्याने भरून ब्राऊन पेपरवर फवारा मारला. तरीही धक्के देत, तुटक तुटक येत होता. म्हणजे ग्लेझचा दोष नाही. कपात डोकावलं तर ट्रिगर दाबताच बुडबुडे येत होते. माझ्या मते या तपासणीतली सगळ्यात मोलाची खूण हीच आहे. कप वर असलेल्या गनमध्ये द्रव खाली उतरायला हवा. बुडबुडे वर येत असतील तर द्रवाच्या वाटेत हवा शिरते आहे.

अशा धक्क्यांना कारणीभूत ठरू शकणाऱ्या तीन जागा आहेत. पहिली कपाच्या झाकणातलं बारीक भोक. ते ग्लेझने बुजलं की आत पोकळी होते, द्रव अडतो आणि मग एकदम ढकलला जातो. झाकण काढून मारून पाहिलं, फरक नाही. दुसरी जागा सुईभोवतीचं पॅकिंग (सुई म्हणजे ट्रिगरने मागे सरकून नोझल उघडणारी बारीक दांडी). ते झिजलं असेल तर ट्रिगरच्या मागे सुई ओली दिसते. माझी कोरडी होती. राहिली तिसरी जागा, नोझल जिथे गनच्या अंगावर बसतं ती बैठक. नोझल खोललं तर त्या बैठकीवर वाळलेल्या ग्लेझचा पांढरा थर होता. थरामुळे नोझल किंचित उचललेलं, त्या फटीतून एअर कॅपमधली (नोझलवर बसणाऱ्या, हवा सोडणाऱ्या टोपीतली) हवा उलटी कपाकडे जात होती.

खोलताना आधी सुई मागे ओढून काढायची, मग नोझल. बसवताना आधी नोझल पान्याने घट्ट करायचं, मग सुई. हा क्रम सोडला तर सुईचं टोक नोझलच्या आत घासतं आणि दोन्हींची वाट लागते. बैठक कोमट पाण्याने आणि नायलॉनच्या बारीक ब्रशने साफ केली. पॅकिंगही पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून नवं टेफ्लॉनचं आणून बदललं, गन उघडलीच होती म्हणून. बुडबुडे बंद झाले.

तरी कागदावरचा ठसा सरळ लांबट न येता चंद्रकोरीसारखा एका बाजूला वाकलेला होता. इथे काकांची दुसरी युक्ती कामी आली : एअर कॅप अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा मारा. कोर कॅपबरोबर फिरली तर दोष कॅपच्या भोकात, जागीच राहिली तर नोझलमध्ये. माझी फिरली. कॅपच्या दोन शिंगांपैकी एकाचं भोक अर्धं बुजलेलं होतं. कॅप पाण्यात भिजवून टूथपिकने मोकळं केलं. टाचणी किंवा स्टीलची तार घालू नका, भोकाची कड एकदा खरवडली की फवारा कायमचा तिरका.

झिजेबद्दल एक गोष्ट. ग्लेझमधला क्वार्ट्झ मोजच्या काठिण्यमापनावर ७ ला बसतो, पितळ ३ ते ४ च्या आसपास. पितळी नोझलमधून ग्लेझ मारणं म्हणजे ते आतून रोज थोडं थोडं घासणं. रंगासाठी वर्षानुवर्षं टिकणारं नोझल आपल्याकडे तसं टिकत नाही. मी १.८ मिलिमीटरचं स्टेनलेस स्टीलचं नोझल आणि सुई एकत्रच घेतली. ही जोडीनेच बदलायची.

आता हवा. माझा कॉम्प्रेसर २४ लिटर टाकीचा, १ अश्वशक्तीचा. गन एचव्हीएलपी प्रकारची आहे, म्हणजे दाब कमी आणि हवा भरपूर खाणारी. हा कॉम्प्रेसर तिला सलग पुरत नाही. सुरुवातीला फवारा बारीक येतो, मग टाकी उतरते आणि थेंब मोठे होत जातात. हे थुंकणं वेगळं. त्याला लय नसते, बुडबुडे नसतात, फवारा हळूहळू मंदावतो. थाळ्याची एक प्रदक्षिणा झाली की थांबायचं, टाकी भरू द्यायची. दाब बघायचा तो ट्रिगर दाबून. बंद गनवर ४० पीएसआय (दाबाचं एकक) दाखवणारा काटा ट्रिगर दाबताच ३० च्या खाली आलेला मी पाहिला आहे, आणि आपल्याला खरा उपयोग त्या दाबलेल्या आकड्याचाच.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत साचतं आणि पाइपातून थेट थाळ्यावर येतं. निळ्या थरावर फिकट गोल डाग पडले तर समजा हेच. आषाढापासून मी रोज काम संपल्यावर टाकीखालचा कॉक उघडते. निघणारं गढूळ पाणी पाहून दर वेळी नवल वाटतं. पाणी धरणारा फिल्टर कॉम्प्रेसरला खेटून लावण्यापेक्षा पाइपाच्या गनकडच्या टोकाला लावा. तिथे येईपर्यंत हवा थंड होते आणि पाणी सुटतं.

गन आणि हवा दोन्ही ठीक झाल्यावरच ग्लेझकडे वळले. पांढरं ग्लेझ ८० मेशच्या (मेश म्हणजे एका इंचातली छिद्रं; आकडा मोठा तितकी चाळणी बारीक) चाळणीतून गाळलेलं, १.८ च्या नोझलला ते चालतं. बुडवण्यासाठी १०० मिलिलिटर ग्लेझचं वजन १४५ ग्रॅम ठेवते, फवाऱ्यासाठी १३८ ग्रॅमपर्यंत आणलं. चिमूटभर सीएमसी (डिंकासारखं चिकट द्रव्य) घातलं की वाळलेला थर हाताला कमी लागतो, पण जास्त झालं तर फवाऱ्यात तंतू येतात. शिवाय आपल्या हवेत सीएमसीचं द्रावण लवकर नासतं, म्हणून थोडंच बनवते. तळाशी बसणाऱ्या ग्लेझला १ टक्का बेंटोनाइट (कण तरंगत ठेवणारी बारीक माती) पुरलं. तरीही दोन फेऱ्यांच्या मध्ये गन हलवायची आणि प्रत्येक फेरी थाळ्याबाहेर कागदावर सुरू करायची, पहिला थेंब तिथे पडू दे.

अंतर ८ ते १० इंच. फवारा बिस्कला लागल्यावर क्षणभर ओली चमक दिसून विरली पाहिजे. चमक दिसलीच नाही आणि पृष्ठभाग भुरभुरीत झाला तर थेंब वाटेतच वाळत आहेत. जवळ या किंवा हवा कमी करा. चमक टिकून राहिली तर थांबा, पुढच्या फेरीला ओघळ नक्की. जाडी सुईने टोचून बघते, थाळ्याच्या पाठीवर, पायाच्या कड्याजवळ, जिथे ओरखडा कुणाला दिसणार नाही.

आणि मास्क. कापडी नाही, किमान एन९५; मी पी१०० फिल्टरचा रेस्पिरेटर वापरते. फवाऱ्यातला सिलिका (क्वार्ट्झची बारीक धूळ) फुप्फुसात जाऊन बसला की बाहेर येत नाही, त्यातून होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजारावर बरं करणारं औषध नाही. गॅलरीतला उघडा फवारा मी बंद केला. तीन बाजूंनी पेटी, मागे एक्झॉस्ट पंखा आणि फिल्टर. काम झाल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसायचं. घरात लहान मुलं असतील तर ही पेटी गनच्याही आधी बनवा, एवढी कळकळीची विनंती.

या दुरुस्त्यांनंतरचे थाळे कोन ६ ला (कोन हे भट्टीतली उष्णता मोजायचं माप) भाजून निघाले. निळा काठापासून सलग विरत गेला आहे, ठिपका एकही नाही. काठाच्या अगदी कडेवर रंग अजून पातळ पडतो, कारण तिथे ग्लेझ वितळून खाली सरकतं. पुढच्या खेपेला कडेवर एक फेरी जास्त.

त्यानंतर एअरब्रश, म्हणजे बारीक कामाची छोटी गन. त्याचं नोझल ०.५ मिलिमीटर, आणि सुई मध्ये असल्याने प्रत्यक्ष वाट त्याहून अरुंद. ८० मेशचं छिद्र साधारण ०.१८ मिलिमीटरचं, म्हणजे दोन-तीन कण शेजारी आले की वाट बंद. अंडरग्लेझ (ग्लेझच्या खाली लावायचा रंग) २०० मेशमधून, ०.०७५ मिलिमीटरच्या छिद्रांतून, गाळून ठेवला आहे. कुणी एअरब्रशला ०.३ चं नोझल लावून अंडरग्लेझ मारला असेल तर किती दाबावर आणि किती पातळ करून, ते जरूर कळवा.