तुम्ही विचारलंत म्हणून: पेस्ट बदलून खरंच फरक पडतो का?

मागच्या मे महिन्यात मी माझ्या लॅपटॉपची थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि त्याच्यावरची तांब्याची पट्टी यांच्यामधला मलमासारखा थर) घरीच बदलली आणि तेव्हापासून ऑफिसातले, बिल्डिंगमधले, आत्याच्या ओळखीचे, सगळे दोनच गोष्टी विचारतात, पेस्ट कुठली वापरली आणि खरंच फरक पडतो का. पहिल्याचं उत्तर सोपं, एमएक्स-४ ची चार ग्रॅमची नळी. दुसऱ्याचं उत्तर मला बरेच महिने देताच येत नव्हतं, कारण घोळ मीच घालून ठेवला होता.

मी नागपूरची. लॅपटॉप २०१८ चा, आय५-८२५०यू प्रोसेसरवाला. मे मध्ये बाहेर ४४, कूलर लावूनही खोलीत ३३-३४, आणि एक्सेल उघडलं की लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा ओरडायचा. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून बघितलं तर ९७-९८ डिग्री. या प्रोसेसरची मर्यादा १००, तिथवर पोचायला लागला की तो स्वतःच स्पीड कमी करतो, म्हणून सगळं रखडत चाललेलं. दुकानात नेला तर न उघडताच "मदरबोर्ड गेला असंल मॅडम". म्हटलं जाऊ दे, बघू आपणच.

नळी घरी आली तेव्हा बाबांनी हातात घेऊन उलटसुलट बघितली. "एवढासा चुना, सहाशे रुपयांचा?" मग स्वतःच हसले, "चुना तुलाच लावला त्यानं."

पण ही पेस्ट करते काय ते आधी सांगते, कारण लोकांना वाटतं ती थंड करते. थंडबिंड काही करत नाही. चिप, म्हणजे प्रोसेसर, आणि तिच्यावरची तांब्याची पट्टी दिसायला गुळगुळीत असतात, पण दोन्हींवर बारीक खड्डे असतात आणि त्यात हवा अडकते. उष्णता वाहून नेण्यात हवेचा आकडा ०.०२६, बऱ्या पेस्टचा ८ च्या आसपास, तांब्याचा जवळपास ४००. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा कितीतरी बरी, पण तांब्यापुढे काहीच नाही, ती फक्त खड्डे बुजवायला. सढळ हातानं थापली तर चिपला रजाई पांघरल्यासारखं होतं.

उघडायला बसले आणि पहिल्यांदा कूलर बंद केला, कारण त्याच्या वाऱ्यानं बारके स्क्रू उडतात आणि उघड्या बोर्डावर पाण्याचे तुषार कशाला. आई म्हणाली मरशील उकाड्यानं. कपाळाला दुपट्टा बांधला, तरी एक थेंब टचकन पडलाच, नशिबानं बॅटरीवर, आणि तिचं कनेक्टर मी आधीच काढलेलं होतं. खालचं झाकण निघालं की हे पहिलं काम, यात आळस नको. खालचे स्क्रू एका जाड लग्नपत्रिकेवर लॅपटॉपचं चित्र काढून त्या त्या जागी टोचून ठेवले, कारण सगळे एका लांबीचे नसतात, लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की वर कीबोर्डाच्या बाजूला टेंगूळ येतं. दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले होते, ते सापडेपर्यंत मी जुनं एटीएम कार्ड फटीत घालून नुसतीच झुंजत होते.

हीटसिंकवर, म्हणजे त्या तांब्याच्या पट्टीवर, स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ छापलेलं असतं, काढताना उलट्या क्रमानं थोडं थोडं सैल करायचं, बसवताना १ पासून. पट्टी चिकटलेली असली तर ओढू नका, किंचित पिळा. मी ओढली. काही मोडलं नाही, पण "टक" असा जो आवाज आला तो अजून आठवतो. आतली जुनी पेस्ट वाळून खडखडीत, काळपट, भिंतीचा पोपडा निघावा तशी. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसानं पुसली (आजूबाजूचे मऊ थर्मल पॅड आहेत तसेच ठेवायचे, तिथे पेस्ट लावायची नाही), आणि लॅपटॉपची चिप उघडीच असते, वर झाकण नसतं, म्हणून चकचकीत भाग सगळा झाकला जाईल इतपत पातळ थर कार्डानंच पसरवला.

आणि मग पंख्याकडे लक्ष गेलं. पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मधे धुळीचा अख्खा नमदा. कूलरची ताटी दोन वर्षं न बदलता वापरली की क्षार चढून कशी होते, तसा. चिमट्यानं उचलला तर एका तुकड्यात निघाला.

सगळं जोडलं, बटण दाबलं, काहीच नाही. काळा स्क्रीन. आई दारातून, "गेला ना?" माझ्या पोटात गोळा. दहा मिनिटांनी सुचलं की बॅटरी काढून लावल्यावर बऱ्याच लॅपटॉपना आधी चार्जर लागतो. लावला, उठला. तेच एक्सेल, ७८ डिग्री.

तर २० डिग्रीचा फरक. पण पेस्टनं की धूळ गेल्यानं? दोन्ही एकाच दिवशी केलं तर कळणार कसं, आणि मी मात्र सगळ्यांना पेस्ट पेस्ट सांगत सुटले होते.

या एप्रिलमध्ये आत्याचा लॅपटॉप आला, जवळपास तेवढ्याच वयाचा. यावेळी आधी नुसती धूळ काढली (पंख्याच्या पात्यांना बोट लावून धरून, नाहीतर ब्लोअरनं पंखा भरमसाट फिरतो), ९६ वरून ८५. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तेवढाच कूलर ठेवून पेस्ट बदलली, ८५ वरून ७९. म्हणजे ११ धुळीचे आणि ६ पेस्टचे, निदान आत्याकडे. बेंगळुरूचा मित्र म्हणतो माझा ६८ वर चालतो, अरे बाबा तुझी खोली २५ ची आहे, माझी ३४ ची, तेवढे अंश तिथूनच येतात.

नळी अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे. तुमचा लॅपटॉप आणायचा तर आणा, पण आधी फोन करा, कूलर बंद ठेवायचा म्हणजे आईला सांगावं लागतं.