बायनरी ऑप्शनमध्ये अडकलेले पैसे आणि तक्रारीचा खटाटोप : माझा अनुभव

बायनरी ऑप्शन म्हणजे एखादा भाव ठरलेल्या वेळात वर जाईल की खाली, यावर पैसे लावणं. अशा ॲपमध्ये पैसे अडकले की घरात आधी मुलाला बोलणी बसतात. तेवढ्या वेळात पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पोचलेले असतात. म्हणून माझ्या भाच्याचे पैसे असेच अडकल्याचं कळल्याबरोबर मी बहिणीला म्हटलं, ‘ताई, त्याला नंतर रागाव. आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावू.’

फोनवर बँक, रक्कम, तारीख आणि यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा क्रमांक) विचारतात. भाचा स्टेटमेंटवर बोट ठेवून बारा-बारा आकडे वाचत होता आणि मी वहीत उतरवत होतो. तेव्हाच एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक भरणा वेगळ्याच नावावर गेला होता. एक टायरचं दुकान, एक मोबाईल ॲक्सेसरीजवाला, एक नुसतंच कुणा माणसाचं नाव. ॲपचं नाव कुठेच नव्हतं. ही भाड्याने घेतलेली खाती. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर सविस्तर तक्रार भरताना आम्ही हीच यादी सगळ्यात वर घातली, विड्रॉल नाकारल्याचे स्क्रीनशॉट त्याखाली.

ॲपवर त्याला नफा दिसत होता. पैसे काढायला गेल्यावर आधी ‘बोनसच्या कितीतरी पट ट्रेड पूर्ण करा’, मग ‘कर भरा, लगेच सोडतो’. सरकारचा कर असा कुणाच्या यूपीआयवर भरत नाहीत, पण अडकलेला मुलगा तेही भरतो.

‘मामा, पण परदेशात हे कायदेशीर आहे ना?’ असं त्याने विचारलं. मी त्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला. अंदाज बरोबर आला तर शंभरावर ८५ नफा मिळतो, चुकला तर शंभर जातात. म्हणजे नुसतं बरोबरीत राहायलाही शंभरातले ५४ हून जास्त अंदाज बरोबर यायला हवेत, तेही एका मिनिटाच्या भावावर. भाव दाखवणारा ॲपवाला, समोरचा खेळाडूही तोच. तू हरलास की त्याची कमाई. या धंद्याची मोठी पेठ इस्रायलमध्ये होती, तिथल्या संसदेने २०१७ मध्ये तो बंद केला. युरोपीय संघाने जुलै २०१८ पासून सामान्य ग्राहकांना हे विकायला मनाई केली, ब्रिटनने एप्रिल २०१९ पासून, ऑस्ट्रेलियाने मे २०२१ पासून. अमेरिकेत नियामकाच्या देखरेखीखालच्या एक्स्चेंजवर ते चालतं, पण तिथल्याच न्यायालयाने इस्रायलमधून असे ऑप्शन विकून फसवणूक करणाऱ्या कंपनीच्या प्रमुख बाईंना २०१९ मध्ये २२ वर्षांची शिक्षा दिली.

बँकेच्या शाखेत मात्र ‘पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार?’ असं उत्तर मिळालं. मी वाद घातला नाही. पोर्टलचा पोच क्रमांक घालून लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागितला. शिक्का मिळाल्यावर बोलण्याचा सूर बदलला.

ताईला वेगळीच धास्ती होती, उलट पोरावरच केस झाली तर? भीती अगदी खोटी नव्हती. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अनधिकृत फॉरेक्स (परकीय चलन व्यवहाराच्या) प्लॅटफॉर्मची सावधगिरीची यादी काढली, तेव्हा अशा ठिकाणी व्यवहार करणाऱ्यावरही फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली कारवाई होऊ शकते, हे बजावलं होतं. तरी आम्ही काही लपवायचं नाही असं ठरवलं. यादीत भाच्याच्या ॲपचं नाव होतं. तिची प्रिंट जबाबाला जोडली आणि काय खरेदी केलं, कुणाच्या सांगण्यावरून केलं, टेलिग्रामचा ग्रुप कोणता, सगळं लिहून दिलं. जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी तो नीट वाचला, मध्येच थांबवून तारखा विचारल्या. त्या दिवशी पोराच्या खांद्यावरचं ओझं पहिल्यांदा हललं.

टायरच्या दुकानाच्या खात्यातली काही रक्कम गोठवलेली सापडली. ती न्यायालयाच्या आदेशाने परत आली. बाकीची आधीच एटीएममधून निघून गेली होती.

मध्यंतरी भाच्याला एक फोन आला : थोडी फी भरा, उरलेले पैसेही काढून देतो. त्याने फी भरली नाही. तो नंबर आम्ही संचार साथी या सरकारी पोर्टलच्या ‘चक्षू’वर, म्हणजे संशयास्पद फोन कळवण्याच्या सोयीवर, नोंदवला आणि तपास अधिकाऱ्यांनाही कळवला.